पापनिवेदनाला जाताना या चुका टाळा

पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, जवळ आला की वसईतील अनेक कॅथलिक चर्चमध्ये संध्याकाळी पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करून क्षमा मागण्याच्या संस्काराची, रांग मुख्य दारापर्यंत येते. शेजारच्या धर्मग्रामांतून (चर्चच्या कार्यक्षेत्रांतून) धर्मगुरू मदतीला आलेले असतात, तरीही प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. आपल्यापैकी पुष्कळजण या रांगेत उभे राहिल्यावरच काय सांगायचे याचा विचार करू लागतात आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात. ही तयारी आदल्या रात्री घरी, निवांतपणे करावी. मागच्या पापनिवेदनानंतरचा काळ डोळ्यांसमोर आणून दहा आज्ञा एकेक करून वाचाव्यात आणि त्या आपल्या घराला व धंद्याला लावून पाहाव्यात. एखाद्याची अडवून ठेवलेली मजुरी, हिशेबातली लबाडी, शेताचा हातभर पुढे सरकवलेला बांध यांची आठवण अशा वेळीच होते. विसरण्याची भीती वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून न्यावे व नंतर चिठ्ठी फाडून टाकावी. मोबाइलमध्ये यादी ठेवू नये, कारण तो घरात किती जणांच्या हाती पडतो हे आपल्याला ठाऊकच आहे.

तयारी नसली की पहिल्या कम्युनियनच्या (मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर म्हणून भाकर स्वीकारण्याच्या) वर्गात पाठ केलेली यादी आपोआप तोंडी येते. ज्यांचे आईवडील केव्हाच देवाघरी गेले आहेत असे साठीचे गृहस्थही ‘आईवडिलांचे ऐकले नाही, भावंडांशी भांडलो’ असे म्हणून मोकळे होतात. दुसरीकडे काहीजण स्वतःचे सोडून इतरांचेच निवेदन करतात. सून उलटून बोलते, नवरा दारू पितो, भाऊबंद वाटणी देत नाहीत, हे सगळे सांगून झाल्यावर ‘म्हणून राग आला’ एवढे एकच वाक्य स्वतःविषयी उरते. अशा वेळी कथा गाळून ‘रागाच्या भरात घरातल्या माणसांना चार-पाच वेळा घालूनपाडून बोलले’ इतके सांगितले तरी पुरते. संसारातील अडचणीबद्दल सल्ला हवा असेल तर फादरांकडे वेगळी वेळ मागावी. मागे तीस माणसे उभी असताना तो सल्ला नीट मिळतही नाही.

‘मी फार पापी आहे’ किंवा ‘नेहमीचेच, फादर’ हेही पुरेसे नाही. महापापे, म्हणजे देवाशी नाते तोडणारी गंभीर पापे, प्रकार व संख्या यांसह सांगावीत असे चर्चचा कायदा सांगतो. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘महिन्यातून साधारण दोनदा’ असा अंदाज चालतो. प्रकार सांगणे म्हणजे वर्णन करणे मात्र नव्हे. विशेषतः शरीरसंबंधाविषयीच्या पापांत तपशील किंवा दुसऱ्याचे नाव सांगण्याची मुळीच गरज नसते. पापाचे स्वरूप बदलणारी गोष्ट, उदाहरणार्थ आपण किंवा समोरची व्यक्ती विवाहित असणे, तेवढी सांगावी.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे एखादे महापाप लाजेने मुद्दाम दडवणे. येथे विसरणे आणि लपवणे यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. प्रामाणिक तयारी करूनही एखादे पाप विसरले, तर पापक्षमेत त्याचीही क्षमा होते आणि आठवल्यावर पुढच्या वेळी ते सांगायचे असते. जाणूनबुजून लपवले, तर ते संपूर्ण पापनिवेदनच निष्फळ ठरते. सांगितलेल्या पापांचीही क्षमा मिळत नाही आणि वर पवित्र संस्काराच्या अवमानाचे पाप लागते. अनेक वर्षे असे एखादे पाप उराशी घेऊन कम्युनियन घेणाऱ्यांसाठी मार्ग सोपा आहे. ‘फादर, एक गोष्ट सांगायला मला लाज वाटते, मला मदत करा’ असे म्हणावे. पुढचे प्रश्न फादर स्वतः विचारतात. ओळखीच्या फादरांसमोर जीभ रेटत नसेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जावे. कोणत्याही अधिकारप्राप्त धर्मगुरूकडे जाण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे आणि जाळीआडून बोलण्याची सोयही त्यासाठीच ठेवलेली असते. पापनिवेदनातील गुपित धर्मगुरू कोणत्याही कारणाने, अगदी न्यायालयातही, उघड करू शकत नाही. जो थेटपणे ते फोडतो त्याच्यावर बहिष्काराची (चर्चच्या संस्कारांपासून दूर ठेवण्याची) शिक्षा आपोआप लागू होते.

बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्यांना बहुधा प्रार्थना विसरल्याची भीती वाटते. ‘वीस वर्षांनी आलो आहे, कसे करायचे ते आठवत नाही’ हे वाक्य सुरुवातीलाच सांगितले की अडचण संपते. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत केली तरी चालते. महापापाचे निवेदन वर्षातून एकदा तरी करावे हा दंडक 1215 साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेपासूनचा आहे. तो किमान मर्यादा सांगतो, हे मात्र आपण सोयीने विसरतो. परदेशात नोकरीला असणाऱ्या मराठी भाविकांना तिथल्या भाषेची अडचण वाटते. अशा वेळी दुभाषाची मदत घेण्यास परवानगी आहे आणि गुप्ततेचे बंधन दुभाषावरही असते. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवर मात्र हा संस्कार होत नाही. 2020 च्या टाळेबंदीतही चर्चने ही मुभा दिली नव्हती.

याच्या अगदी उलट एक चूक भाविक मंडळींच्या हातून होते. सकाळी मुलावर ओरडलो, प्रार्थनेत लक्ष लागले नाही, एवढ्यावरून ते कम्युनियनला जात नाहीत. विषय गंभीर असणे, त्याची पूर्ण जाणीव असणे आणि स्वेच्छेने संमती देणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय महापाप घडत नाही. लघुपापांचे, म्हणजे अशा हलक्या पापांचे, निवेदन उपयुक्त आहे. पण त्यांच्यामुळे ख्रिस्तशरीरापासून दूर राहण्याचे कारण नाही. एकदा क्षमा झालेले पापच पुनःपुन्हा सांगावेसे वाटत असेल, तर दर आठवड्याला नवा धर्मगुरू शोधू नये. एकाच फादरांकडे जावे आणि ‘आता पुरे’ असे ते म्हणाले की त्यांचे ऐकावे.

धर्मगुरूंनी सांगितलेले प्रायश्चित्ताचे काम शक्यतो चर्चमधून बाहेर पडण्यापूर्वी उरकावे. घरी जाऊन करू असे म्हटले की पाच मिनिटांची प्रार्थना पाच दिवस राहून जाते. दिलेले प्रायश्चित्त आपल्याला जमण्यासारखे नसेल, उदाहरणार्थ आजारपणात उपास सांगितला असेल, तर तिथेच नम्रपणे सांगून बदलून मागावे. चोरलेले पैसे किंवा सरकवलेला बांध यांच्या बाबतीत केवळ प्रार्थना पुरत नाही. पैसे परत करावे लागतात आणि बांध पूर्वीच्या जागी न्यावा लागतो. परतफेड उघडपणे करणे अशक्य असेल तर काय करावे, हे पापनिवेदनातच विचारून घ्यावे.

आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना एखादे विसरलेले पाप आठवले, तर घाबरून पुन्हा रांगेत उभे राहू नये. त्याची क्षमा झालेली आहे. ते महापाप असेल तर पुढच्या खेपेस सर्वांत आधी सांगावे आणि तोवर कम्युनियन घेण्यास हरकत नाही.