वारीच्या फोटोस्पर्धेसाठी एआय ओळखणारं साधन कसं निवडावं

आमच्या फोटोग्राफी क्लबच्या वारी स्पर्धेत आलेल्या प्रवेशिका मी तपासते. दिवेघाटातली दिंडी, पाऊस, टाळ उंचावलेले हात: हे सगळं आता घरबसल्या एआयकडून करून घेता येतं. ते ओळखायला हाइव्ह, साइटइंजिन, एआय ऑर नॉट अशी बरीच साधनं आहेत. त्यांच्या जाहिरातीतल्या टक्केवारीवर जाऊ नका, आपल्या फोटोंवर पारखून घ्या.

स्वतः काढलेले फोटो घ्या: मूळ फाइल, लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज (दाणेदारपणा) काढलेली, मोबाइलच्या नाइट मोडमधली, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली. जोडीला वारीचीच एआय चित्रं बनवा. सगळी साधनात टाका आणि आधी एवढंच बघा, खऱ्या फोटोंना ते किती वेळा खोटं ठरवतं. शंभरात पाच चुका ऐकायला किरकोळ वाटतात. पण 400 खरे फोटो आले तर त्या हिशेबाने 20 जणांवर विनाकारण आळ येतो. आळंदीपासून पायी चालून काढलेल्या फोटोला बनावट म्हणणं मला सहन होत नाही. त्यापेक्षा एखादं बनावट चित्र पहिल्या फेरीत निसटलेलं परवडतं.

पूर्ण चित्र एआयचं असणं वेगळं आणि खऱ्या फोटोतला तुकडा बदलणं वेगळं. मे 2023 मध्ये कुस्तीपटू विनेश आणि संगीता फोगट यांचा पोलिसांच्या गाडीतला सेल्फी फिरला. फोटो खरा होता, चेहऱ्यांवरचं हसू नंतर चढवलेलं होतं. म्हणून आपल्याच फोटोतला एक चेहरा बदलून साधनाला दाखवा. संशयाची जागा नेमकी दाखवणारं साधन मी आधी निवडते.

एआय चित्रात दडवलेली गूगलची सिंथआयडी ही अदृश्य खूण गूगलच्याच जेमिनी या एआय सहायकात तपासता येते, पण ती मुख्यतः गूगलच्या एआय साधनांतून आलेल्या चित्रांसाठीच उपयोगी. सीटूपीए नोंद, म्हणजे चित्र कशाने तयार झालं आणि त्यात काय बदललं याची फाइलला जोडलेली माहिती, सापडली तर तिच्यातून बरंच कळतं. नसली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ती सहसा उरत नाही.

दुसऱ्याचे फोटो चढवण्याआधी ते साधन फोटो साठवून ठेवतं का, हे अटींमध्ये वाचा.

साधनाच्या निकालावर मी कुणालाही बाद करत नाही. संशय आला की रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि त्या क्षणाच्या मागच्या-पुढच्या फ्रेम मागवते. मोबाइलवाल्यांकडून गॅलरीतली मूळ फाइल. हा नियम प्रवेशिका मागवतानाच छापा, म्हणजे लोक त्या फाइल पुसून टाकणार नाहीत.