गरोदरपणात मुतखडा : या चुका टाळा

सातवा महिना चालू असताना माझी चुलतजाऊ रात्री दोनला उजवी कूस धरून उठली. दिवसभर तासगावकडच्या द्राक्षबागेत विरळणी केलेली. बसवेना, झोपवेना, वर ओकाऱ्या. सासूबाई म्हणाल्या, "कळा आल्यात." पण कळ येते तेव्हा पोट कडक होतं नि मग सैल पडतं. हिची चमक कंबरेतून जांघेत उतरत होती आणि लघवी लालसर होती. मुतखड्यानं खऱ्या कळाही सुरू होऊ शकतात, म्हणून घरी अंदाज बांधत बसू नका. दोन्हीची तपासणी करून घ्या.

सगळ्यात घातक चूक म्हणजे डब्यातली डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी किंवा तसलं इंजेक्शन. 20 आठवड्यांनंतर त्यानं बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. पुढच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. पॅरासिटामॉल चालते, तीही डॉक्टरांना विचारून. पानफुटीचा रस आणि खडा फोडायची चूर्णं या दिवसांत नकोतच.

सोनोग्राफीला घाबरू नका, बाळाला तिचा त्रास नाही. मात्र गरोदरपणात किडनी, विशेषतः उजवी, एरवीही थोडी फुगते. त्यामुळे रिपोर्टात 'सूज' दिसली म्हणजे खडा आहेच असं नाही, आणि खडा दिसला नाही म्हणजे तो नाहीच असंही नाही. शंका राहिली तर एमआरआय करतात. सीटी स्कॅन अगदीच अडलं तर, कमी डोसचा. लघवीची कल्चर तपासणी, म्हणजे जंतू आहेत का ते बघणारी, टाळू नका.

थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करून मिरज किंवा सांगलीचं मोठं रुग्णालय गाठा. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. तिथं स्टेंट, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या वाटेत ठेवायची बारीक नळी, किंवा पाठीतून किडनीत नळी घालून वाट मोकळी करतात. गरोदरपणात स्टेंटवर क्षार लवकर साचतात, म्हणून तो साधारण 4 ते 6 आठवड्यांनी बदलावा लागतो. बदलायची तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा. लागलंच तर दुर्बिणीतून खडा काढता येतो, पण शॉकवेव्हनं, म्हणजे बाहेरून लहरींचे धक्के देऊन, फोडणं बाळंतपणापर्यंत नाही म्हणजे नाही.

खडा वाढेल या भीतीनं दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या मनानं बंद करू नका. रानात आडोसा नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, हे मला फार लागतं. मुकादमाला सांगा, लाजू नका.

बहुतेक खडे पाणी आणि औषधांवर आपसूक पडतात. जावेचा पाचव्या दिवशी पडला. लघवी चहाच्या गाळणीतून गाळत होतो, त्यात मोहरीएवढा तपकिरी खडा सापडला. पुडीत बांधून तपासणीला दिला.