माती, खडू, बर्फ खावासा वाटतो? आधी शरीरातलं लोह तपासा

माती, खडू, राख, कागद, नाहीतर दिवसभर बर्फाचे खडे. यांपैकी काही खाण्याची अनावर ओढ लागली असेल, तर स्वतःला दोष देणं थांबवा. वैद्यकशास्त्रात याला ‘पायका’ म्हणतात आणि त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. माणसं हे वर्षानुवर्षं लपवतात, घरचे ‘वाईट सवय’ म्हणून रागावतात आणि कमतरता वाढत जाते. रागावून किंवा मन मारून ही ओढ सहसा जात नाही. लोह भरून काढलं की बहुतेकदा जाते.

१. काय खाता ते लिहून ठेवा

काय, किती आणि कधीपासून. बर्फ चघळण्याची ओढ हलकी समजू नका, लोहाच्या कमतरतेशी तिचं नातं फार जवळचं आहे. सोबत थकवा, जिना चढताना लागणारी धाप, केसगळती, रात्री पायांत होणारी अस्वस्थता, पाळीत होणारा जास्त रक्तस्राव, काळी शौच, वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांचीही नोंद करा.

२. डॉक्टरांना स्पष्ट सांगा

ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. ‘मला माती खावीशी वाटते’ हे एक वाक्य निदानाची दिशा बदलू शकतं, म्हणून लाज बाजूला ठेवा.

३. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासा

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये १२, गरोदरपणात ११ (मधल्या तिमाहीत १०.५) आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजतात. पण साठ्यातलं लोह आधी संपतं, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. म्हणून हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी ओढ असू शकते. साठा कळतो तो फेरिटिन या रक्ततपासणीवरून. ते १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर कमतरता नक्की. ३० च्या खाली असेल तरी अनेक डॉक्टर उपचार सुरू करतात. अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर मात्र फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं.

तपासणीआधी मनानेच गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनरमध्येही (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) लाल पेशी लहान दिसतात, पण लोह पुरेसं असू शकतं. माती किंवा रंगाचे पोपडे पोटात गेले असतील तर रक्तातलं शिसं आणि शौचातले जंतही तपासून घ्या.

४. लोह कुठे गेलं ते शोधा

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष याच पायरीकडे होतं. गोळ्यांनी आकडा सुधारतो आणि शोध तिथेच थांबतो. जास्त पाळी, गरोदरपण, अल्सर, मूळव्याध, हुकवर्म (आतड्यात रक्त शोषणारे जंत), सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारी इजा) अशी बरीच कारणं असतात. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये पचनमार्गातून रक्त जात नाही ना, हे पाहायलाच हवं. त्यासाठी डॉक्टरांनी एंडोस्कोपी किंवा कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने जठराची किंवा मोठ्या आतड्याची तपासणी) सुचवली तर टाळू नका.

५. गोळी नीट घ्या

फेरस सल्फेट किंवा फेरस फ्युमरेटची गोळी रिकाम्या पोटी उत्तम शोषली जाते. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम आणि अँटासिड तिच्या आसपास नकोत. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान ४ तासांचं अंतर ठेवा. जास्त गोळ्या म्हणजे जास्त फायदा नव्हे: एका डोसनंतर शरीरातलं हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक) वाढतं आणि पुढचं शोषण काही काळ मंदावतं. म्हणूनच हल्ली डॉक्टर दिवसातून एकदा किंवा दिवसाआड डोस देतात. शौच काळी होणं अपेक्षित आहे. मळमळ किंवा बद्धकोष्ठता झाली तर गोळी सोडू नका, डोस बदलून घ्या. गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. लहान मुलासाठी लोहाचा जास्त डोस जीवघेणा ठरू शकतो.

बर्फाची ओढ अनेकदा काही दिवसांत ते दोन आठवड्यांत, हिमोग्लोबिन वाढण्याआधीच ओसरते. हाच क्षण फसवा असतो, कारण बरं वाटलं की लोक गोळ्या बंद करतात. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरायला साधारण ३ महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. गोळी सोसत नसेल किंवा शोषली जात नसेल, तर शिरेतून लोह देता येतं.

तोवर बर्फ दातांनी फोडू नका, दात तडकतात. तो तोंडात विरघळू द्या. माती, खडू, रंग नजरेआड ठेवा. केस, माती किंवा कागद खाणाऱ्याचं पोट तीव्र दुखू लागलं, उलट्या होऊ लागल्या किंवा शौच बंद झाली, तर लगेच रुग्णालय गाठा, कारण आतड्यात अडथळा झालेला असू शकतो.

दोन वर्षांखालच्या मुलाने सगळं तोंडात घालणं हा वाढीचा भाग असतो. मोठ्या मुलात किंवा प्रौढात लोह पुरेसं असूनही ओढ महिनाभर टिकली, तर मानसोपचार तज्ज्ञांची मदत घ्या. वर्तनोपचाराचा उपयोग होतो. आणि उपचारानंतर काही महिन्यांनी ओढ पुन्हा जाणवू लागली, तर थकवा येण्याची वाट न पाहता फेरिटिन पुन्हा तपासून घ्या.