पायऱ्यांखालची ओल: आधी पाण्याची वाट शोधा

आमच्या राजापूरकडच्या जुन्या घराला अंगणातून ओटीवर चढायला जांभ्या चिऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत. पायऱ्यांच्या पोटात पोकळी आहे, बाजूने वाकून आत जाता येतं. सासूबाई तिथे नारळ आणि सरपण ठेवायच्या. एका श्रावणात नारळांवर बुरशी चढली, लाकडं पेटेनात. आम्ही घाईने आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. पुढच्या पावसात त्याचे पोपडे हाताने निघाले, आणि मागचा चिरा नखाने खरवडला तरी भुगा पडत होता. चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो. आतून तोंड बंद केलं की ते पाणी त्याच्याच अंगात राहतं.

मग दुसरे गवंडी आले. त्यांनी आधी कसलंच सामान मागितलं नाही. बॅटरी घेऊन आत गेले आणि म्हणाले, "वहिनी, हे पाणी वरून येतंय."

डाग वाचायला मी त्यांच्याकडूनच शिकले. वरून येणाऱ्या पाण्याचे ओघळ उभे उतरतात आणि पाऊस थांबला की हळूहळू सुकतात. जमिनीतली ओल खालून वर चढते आणि तिच्या वरच्या कडेला लोण्याची, म्हणजे ओलीबरोबर वर आलेल्या मिठाची, पांढरी रेघ उमटते. मे महिन्यातही न सुकणारा डाग दिसला तर नळाच्या पाइपवर संशय घ्या. रात्री सगळे नळ बंद करून टाकीच्या पातळीवर खडूने खूण करा, सकाळी पाहा. ओघळांची खात्री करायला कोरड्या दिवसांत सगळ्यात खालच्या पायरीपासून पाणी ओतत वर जा, प्रत्येक पायरीला अर्धा तास द्या, आणि एकाला आत बसवा. वरून सुरुवात केलीत तर पाणी खालीही ओघळतं आणि फट नेमकी कुठली ते कळत नाही.

आमच्याकडे फट निघाली सगळ्यात वरची पायरी आणि जोतं यांच्यामध्ये. जुन्या घरांत पायऱ्या बहुधा नंतर जोडलेल्या असतात, त्यांचा पाया जोत्यापेक्षा उथळ असतो आणि त्या वेगळ्या खचतात. म्हणून तिथे भरलेलं सिमेंट दरवर्षी तडकतं. ती फट साफ करून, पूर्ण वाळवून, आत फोमची दोरी दाबून वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. ते रबरासारखं ताणतं. काम एप्रिल-मेमध्येच करा, ओल्या दगडाला सीलंट धरत नाही.

चिऱ्यांच्या दरजा, म्हणजे मधले सांधे, मात्र चुन्याने भरा. जुना भुसभुशीत माल इंचभर खोल खरवडा, ब्रशने धूळ काढा, पाणी शिंपडा आणि एक भाग चुना, तीन भाग वाळू असा माल दाबून बसवा. वर आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. चुना विकत आणताना भिजवलेलाच आणा. कळीचा चुना घरी भिजवताना उसळतो, डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो.

पायऱ्यांना पुढे ढाळ हवा, फुटाला पाव इंच. आमच्या तिसऱ्या पायरीचा ढाळ उलटा, भिंतीकडे होता, तिथेच पाणी साचायचं. ती उचलून नव्याने बसवली.

पागोळ्यांकडेही बघा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि आमच्या छपराची धार थेट पायरीच्या कडेवर पडत होती. पन्हळ लावली, पाणी अंगणापलीकडे काढलं. निम्मी ओल तिथेच गेली, खर्चही त्याचाच सगळ्यात कमी.

आतला सिमेंटचा गिलावा आम्ही सगळा काढून टाकला. चिरा उघडाच ठेवलाय. पूर्ण सुकायला दोन उन्हाळे लागले. लोणा पाण्याने धुवू नका, मीठ परत आत मुरतं. कोरड्या ब्रशने झाडून ते पोत्यात भरून बाहेर टाका. फळीचं दार काढून जाळीचं लावलं, वारा खेळायला हवा म्हणून. यंदा पहिल्या मोठ्या सरीला मी बॅटरी घेऊन आत तासभर बसले होते. जोत्याच्या फटीवर हात फिरवला, कोरडी होती. नारळ पुन्हा तिथेच रचलेत, फक्त खाली फळ्या टाकून.