सोलापुरातून ‘सबलोड’ तिकिटावर विमानप्रवास कसा करावा : निवृत्त विमान कर्मचाऱ्यांसाठी

विमान कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला मिळणारी प्रवासाची सवलत ही नोकरीतल्या वर्षांची कमाई असते, आणि ती वाया जाताना पाहिली की मला मनापासून वाईट वाटते. ही सवलत ‘सबलोड’ तिकिटाची असते, म्हणजे भाडे भरणारे प्रवासी बसल्यावर जागा उरली तरच आपल्याला विमानात घेतात. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत राहणारे आमच्यातले कितीतरी जण मुंबईत असताना हौसेने फिरत असत. सोलापुरात स्थायिक झाल्यावर एकदोनदा जागा न मिळता परतावे लागले आणि त्यांनी प्रवासाचा नादच सोडला. सवलत तीच आहे, माणसेही तीच आहेत. मुंबई विमानतळाजवळच्या सांताक्रूझ किंवा कालिन्याच्या वसाहतीत राहणाऱ्याला जी पद्धत चालत होती, ती चारशे किलोमीटरवर राहणाऱ्याला चालत नाही, आणि नवी पद्धत त्यांना कोणी सांगितलेली नाही. ती येथे सांगतो.

निवृत्तीचे ओळखपत्र, कंपनीच्या प्रवास संकेतस्थळाचा पासवर्ड आणि जोडीदाराचे नोंदलेले नाव या गोष्टी तयार आहेत असे मी धरून चालतो. फक्त पत्नीचे नाव कंपनीच्या नोंदीत, आधार कार्डावर आणि पासपोर्टवर एकाच स्पेलिंगने आहे ना, एवढे पाहून घ्यावे. माहेरच्या आणि सासरच्या नावाचा घोळ काउंटरवर मिटत नाही.

विमानतळाची निवड

सोलापूरकरासमोर मुंबई, पुणे आणि हैदराबाद असे तीन पर्याय आहेत. होटगी रोडच्या आपल्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, याचा आनंद आहेच. परंतु त्या कंपन्यांशी तुमच्या कंपनीचा कर्मचारी सवलतीचा करार नसेल, तर तेथे तुम्ही इतर प्रवाशांसारखेच भाडे भरणारे प्रवासी आहात.

बहुतेकजण जवळचे म्हणून पुणे निवडतात. माझे स्पष्ट मत असे आहे की सबलोड प्रवासात विमानतळाचे अंतर दुय्यम असते. ज्या मार्गावर जायचे आहे त्या मार्गावर आपल्या कंपनीची दिवसभरात किती विमाने आहेत, हे मुख्य असते. सकाळच्या विमानात जागा मिळाली नाही तर नाव पुढच्या विमानाच्या यादीत जाते, आणि पुढचे विमान दुसऱ्या दिवशी असेल तर रात्र लॉजवर काढावी लागते. दिल्लीसाठी म्हणून मी डोळे झाकून मुंबई धरतो. हैदराबादचा विचार आपल्याकडे कोणी करत नाही, हे मात्र आश्चर्य आहे. रस्त्याने ते तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर असल्यामुळे पटणचेरूजवळ बाह्यवळण रस्त्याला लागले की शहरात शिरावेच लागत नाही.

लोड, म्हणजे विमान किती भरले आहे, ते पाहणे

मला वर्षानुवर्षे ज्याने छळले, ते हे प्रकरण. ‘जा हो विमानतळावर, जागा मिळतेच’ हा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नका. तो सल्ला ज्या काळातला आहे, त्या काळात विमाने अर्धी रिकामी जात असत आणि काउंटरवरचा मुलगा आपल्या ओळखीचा असे.

पहिली गोष्ट अशी की सबलोडची यादी रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखी नसते. वेटिंगचा क्रमांक एकदा मिळाला की तो खालीच येतो. येथे तो वरही चढतो. तुम्ही आठवडाभर आधी नाव नोंदवले आणि यादीत तिसरे होता, तरी आदल्या रात्री सेवेत असलेल्या किंवा वरच्या श्रेणीच्या चार कर्मचाऱ्यांनी नावे घातली की तुम्ही सातवे होता. क्रम कंपनीच्या प्राधान्य नियमाने ठरतो आणि निवृत्तांचा नंबर सहसा सेवेतल्यांच्या मागे असतो. त्यामुळे ‘मी आधी नाव दिले होते’ या वाक्याला काउंटरवर काहीही किंमत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रिकाम्या जागांचा आकडा. आरक्षणाच्या पडद्यावर भाड्याच्या वर्गापुढे ९ दिसला, तर त्याचा अर्थ नऊ किंवा त्याहून अधिक एवढाच असतो. त्या दहा आहेत की सत्तर, हे त्यावरून कळत नाही. आसनांचा नकाशा पाहून आनंदणारे तर फारच फसतात. ज्यांनी आसन निवडलेले नाही असे प्रवासी त्या नकाशात दिसतच नाहीत, त्यामुळे गच्च भरलेले विमानही तेथे निम्मे मोकळे भासते. खरा आकडा कंपनीच्या कर्मचारी प्रवास यंत्रणेत किंवा सेवेत असलेल्या माणसाकडून मिळतो, आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत : आसने किती, आरक्षित किती, यादीत माझ्या पुढे किती.

समजा, विमानात १८० आसने आहेत, १६५ आरक्षित आहेत आणि कर्मचाऱ्यांच्या यादीत तुम्ही अकरावे आहात. कागदावर पंधरा जागा मोकळ्या आहेत, म्हणजे तुमचे काम झाले असे वाटते. मात्र शेवटच्या दिवशी सहा तिकिटे विकली गेली की उरल्या नऊ, आणि तुम्ही बाहेर. उलट, आरक्षण करून न येणारे दोघे असले तर अकरा जागा होतात आणि तुम्ही आत. म्हणून मी आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्या क्रमांकाच्या दुपटीइतक्या जागा मोकळ्या असतील तरच सोलापूर सोडतो. हा कंपनीचा नियम नाही, माझा आहे. पण वयाच्या या टप्प्यावर त्याहून कमी अंतरावर जुगार खेळू नये.

तिसरी गोष्ट, केवळ आपल्या विमानाचा आकडा पाहून भागत नाही. त्या दिवशी सकाळचे एखादे विमान रद्द झाले असेल, तर त्याचे सगळे प्रवासी पुढच्या विमानांत वाटले जातात आणि काल रात्री मोकळे दिसलेले विमान दुपारपर्यंत भरून जाते. गाडीत असतानाच त्या मार्गावरची सकाळची विमाने वेळेवर सुटली का, हे मोबाइलवर पाहत राहावे.

चौथी गोष्ट निवृत्त मंडळीही विसरतात : जागा मोकळी असणे आणि ती देता येणे यांत फरक आहे. कडक उन्हाळ्यात दुपारी हवा विरळ होते आणि विमानाला कमी वजन घेऊन उडावे लागते. लांब पल्ल्यावर इंधनाचे वजन हाच मोठा भार असतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाल्यापासून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडू लागला, आणि वळसा म्हणजे जास्त इंधन. अशा वेळी वजनाच्या हिशेबात सर्वांत आधी ऑफलोड होतात, म्हणजे वगळले जातात, ते सबलोडवाले, मग मागे दहा आसने रिकामी का जाईनात. त्यासाठी काउंटरवरच्या मुलीवर चिडणे अन्यायाचे आहे. तिला तो आकडा वरून आलेला असतो.

आणि दिवस. दिवाळीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा, मे महिना, नाताळ, तसेच लागून आलेल्या सुट्ट्या यांत मी कोणालाही निघू देत नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस तर आपण गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, सोडून जाऊच नये. जाण्याचे चांगले दिवस म्हणजे मंगळवार आणि बुधवार, जुलै-ऑगस्ट, आणि शाळा सुरू असतानाचा काळ.

निघणे

‘दिवसाचे पहिले विमान धरा’ हा सल्ला मूळचा योग्य आहे, कारण चुकले तरी पुढे दिवसभराची विमाने असतात. परंतु सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरून, लोकल धरून आणि रिक्षा करून टर्मिनल दोनवर पोहोचेपर्यंत पहिले विमान गेलेले असते. आपल्यासाठी सकाळी दहा-अकराचे विमान हेच पहिले. वंदे भारत पहाटे सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईत पोहोचते. ती आरामाची आहे, पण तिने गेल्यास हाताशी संध्याकाळचीच विमाने उरतात. म्हणून सबलोडच्या दिवशी मी ती घेत नाही.

सामान हातातच ठेवावे. चेक-इनचे सामान असले की शेवटच्या क्षणी नाव पुकारल्यावर धावपळ होते. मुलांसाठी सोलापुरी चादर न्यायची असेल तर एकच. घडी कितीही घट्ट घातली तरी ती जाडजूड चादर अर्धी पिशवी व्यापते, आणि सात किलोच्या मर्यादेत तुमची औषधे व कपडे बसायचे असतात. तिखट आणि लोणचे हातातल्या पिशवीत नेऊ नये, सुरक्षा तपासणीत काढून ठेवायला लावतात.

देशांतर्गत विमानाचे काउंटर साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होते आणि त्यानंतरच सबलोडची नावे निघतात. तोपर्यंत काउंटरपासून लांब जाऊ नये, चहालाही नाही. दोघे असाल आणि एकच जागा निघाली तर काय करायचे, हे घरीच ठरवून या. माझ्या मते देशात फिरताना एकट्याने पुढे जाऊ नये. दोघांनी पुढच्या विमानाची वाट पाहावी.

परतीचा विचार

खरी फजिती परतीत होते, कारण जाताना जागा नाही मिळाली तर माणूस घरी येतो, परतताना नाही मिळाली तर तो परक्या ठिकाणी अडकतो. मुलाकडे परदेशी गेलेल्यांनी मुक्कामाच्या मुदतीचा शेवटचा आठवडा परतीसाठी मुळीच धरू नये. शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि ‘सबलोडवर जागा मिळाली नाही’ हे कारण तेथील अधिकारी ऐकून घेत नाहीत. प्रवास विमा आणि रक्तदाबाच्या गोळ्या परतीच्या दिवसापुढे किमान पंधरा दिवस पुरतील एवढ्या असाव्यात. दुसऱ्या देशातून वळसा घेऊन यावे लागले तर तेथील ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे सोलापुरातून निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. साध्या भाड्याचे एक तिकीट काढता येईल एवढी रक्कम खात्यात बाजूला असावी. ती नसेल तर सबलोडवर परदेशी जाऊच नये, असे मी प्रत्येकाला तोंडावर सांगतो.

मुंबई-पुण्याहून सोलापूरला यायचे रेल्वेचे तिकीट विमान उतरल्याशिवाय काढू नये. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा वाया गेलेले तिकीट पूर्ण भाड्याचे असते. त्यापेक्षा पुण्यापर्यंत येऊन एसटी धरावी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ती ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मे भाडे आहे, महिलांनाही निम्मेच आहे, आणि आरक्षण नसले तरी कोणती ना कोणती सोलापूर गाडी मिळते.

न वापरलेल्या तिकिटावरचे कर व विमानतळ शुल्क परत मिळते का, हे तपासून मुदतीत अर्ज करावा. भाडे शून्य असले तरी ही रक्कम तुम्ही भरलेली असते.

बातम्यांची शिस्त

सोलापुरात आपण थोडे आहोत आणि मुंबईतल्या बैठकांना जाणे होत नाही, त्यामुळे नियम बदलल्याची बातमी आपल्यापर्यंत मोबाइलवरच्या निरोपातून येते. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया २००७ मध्ये एकत्र आल्या, २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटांकडे गेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. इतक्या घडामोडींनंतर जुने परिपत्रक आजही लागू आहे असे गृहीत धरता येत नाही. म्हणून ज्या निरोपात परिपत्रकाची तारीख आणि ते काढणाऱ्या विभागाचे नाव नाही, तो पुढे पाठवू नये, असा नियम आम्ही आपापसांत केला आहे. ज्यांना ईपीएफओची पेन्शन आहे त्यांनी हयातीचा दाखला कधी दिला ती तारीखही या निरोपांत लिहून ठेवतो, कारण तो एक वर्षच चालतो आणि प्रत्येकाची तारीख वेगळी असते.

एक बातमी मात्र कधीही उशिरा पोहोचू देऊ नये. आपला एखादा सहकारी गेला, तर त्याच्या पत्नीची प्रवास सवलत पुढे चालते का आणि त्यासाठी कोणते कागद किती मुदतीत द्यायचे, हे तिला बहुधा माहीत नसते. पासवर्डही त्यालाच ठाऊक असतो. दिवसकार्य आटोपले की आमच्यापैकी दोघे त्या घरी जातात, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, निवृत्तीचे ओळखपत्र आणि बँकेचे पुस्तक एकत्र करतात आणि वहिनींच्या नावाने अर्ज भरून त्यांची सही घेतात. त्या वेळी त्यांना प्रवासाची इच्छा नसते आणि ‘आता काय करायचे आहे ते’ असे त्या म्हणतात. तरीही अर्ज त्याच महिन्यात पाठवावा. मुदत निघून गेली तर वर्षभराने नातवंडांकडे जावेसे वाटेल तेव्हा हाती काही राहत नाही.