पाळी आली नाही पण दर महिन्याला पोट दुखतं? मुलीचं दुखणं अंगावर काढू नका

माझी भाची १३ वर्षांची, चार महिने पोटदुखीने हैराण, कधी जंत कधी गॅस म्हणून औषधं झाली आणि एका रात्री लघवीच अडली, नळी घालावी लागली. तेव्हा कळलं की पाळी सुरू झालेली पण योनीचं तोंड जन्मापासून पडद्याने बंद, रक्त आतच साठत गेलं आणि तो फुगा लघवीच्या वाटेवर दाबत होता.

म्हणून सांगते, छातीची वाढ झालीय, पाळीचा पत्ता नाही आणि पोट दुखतंय तर कालनिर्णयवर दुखण्याच्या तारखांना गोल करा. तीन-चार आठवड्यांनी परत परत दुखत असेल तर ते पान घेऊनच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. दुखत नसलं तरी वयाच्या १५ वर्षांपर्यंत पाळी नाही आली तर दाखवायचंच.

तपासताना बहुतेक वेळा नुसतं बाहेरून बघतात, हे पोरीला घरीच सांगून ठेवा, फार घाबरलेली असते हो. निळसर फुगवटा दिसतो, मग पोटावरून सोनोग्राफी. फुगवटा दिसत नसेल, अडथळा वरच्या बाजूला किंवा जाड वाटत असेल तर एमआरआय करूनच ऑपरेशन ठरवायचं, आणि असं ऑपरेशन नेहमी करणाऱ्याच डॉक्टरकडे, कारण योनीची वाट नंतर आकसू शकते. तोपर्यंत पाळी थांबवायच्या गोळ्या देतात.

साध्या पडद्याचं ऑपरेशन छोटं असतं. भूल देऊन पडदा उघडतात, जादाचा भाग काढून कडा शिवतात. आमच्याकडे काकवीसारखं काळपट घट्ट रक्त निघालं, नंतरही काही दिवस येत राहिलं, ते नॉर्मल आहे. नुसती सुई टोचून रक्त काढू देऊ नका, भोक बुजतं आणि आत पू होऊ शकतो.

आजी म्हणाली पडदा कापला तर लग्नाचं काय. अहो, रक्त तुंबून गर्भनलिकांतून पोटात जायला लागलं तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) होऊ शकतो, पुढे मूल व्हायला त्रास होऊ शकतो, काळजी त्याची करा.

अजून एक, जन्मतः एकच किडनी असलेल्या मुलीची पाळी नियमित असली तरी दुखणं दर महिन्याला वाढत असेल तर गर्भाशयाची सोनोग्राफी करा. काहींना दोन गर्भाशयं असतात, एकाची वाट बंद, आणि दुसऱ्यातून पाळी येत राहते म्हणून कोणाला शंकाच येत नाही.