ड्रेसिनाच्या पानांची टोकं जळायची थांबली

आमच्या हॉलमधल्या ड्रेसिनाची पानं हिरवीगार, पण टोकं तपकिरी, कुरकुरीत. जळका भाग जिथे संपतो तिथे बारीक पिवळी रेघ. नर्सरीवाले दादा म्हणाले, पाणी कमी पडतंय. मला ते पटेना, कारण बोट खुपसलं तर माती आत ओली होती आणि बुंधाही घट्ट होता. कुंडीच्या काठावरचा पांढरा थर पाहून शंका आली ती पाण्याचीच.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, घरात बोअरचं पाणी. इकडे बऱ्याच गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त असतं आणि ड्रेसिनाला नेमकं तेच सोसत नाही. मुळांनी घेतलेलं फ्लोराइड पानाच्या टोकाशी पोचतं. पाणी उडून जातं, ते तिथेच साचतं. बादलीत रात्रभर पाणी ठेवलं तर क्लोरीन निघून जातो, फ्लोराइड नाही. उकळूनही नाही.

मग पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावलं. कुंडी मोरीत नेऊन तळातून धो धो वाहेपर्यंत तेच पाणी ओतलं. सुपर फॉस्फेटमध्येही फ्लोराइड असतं, म्हणून खत फक्त गांडूळखत, तेही मोजकं. जळकी टोकं कात्रीने तिरकी कापली. ती पुन्हा हिरवी होत नाहीत, लक्ष ठेवायचं ते शेंड्यावर. नवी पानं टोकापर्यंत स्वच्छ निघाली, इतका आनंद झाला!

पिंप संपलं की आरओचं पाणी देते. आरओतून वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही घालू नका, त्यात क्षार आणखी दाट असतात.